पाठमोरी ओळख

“अहो, कडेने चाला. तुम्ही बस नाही आहात,” असं म्हणत बायकोने ड्रायव्हरसाहेबांना शर्टाला धरून बाजूला ओढलं, तेव्हा कुठे मागच्या हातगाडीवाल्याला वाट मिळाली.

साहेब नुकतेच निवृत्त झाले होते, पण रस्त्याच्या मधोमध चालायची खोड काही जात नव्हती. सगळी नोकरी त्यांनी या मुसलमान वस्तीच्या तोंडाशी बस थांबवली, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. जिथे बस मावत नाही तिथे साहेबांचं काय काम! आज मात्र काम होतं. त्यांच्या पाठीमागच्या सीटवर रोज बसणारे शिंपी चाचा साहेबांच्या निवृत्तीच्या आधीच यायचे बंद झाले होते. एवढी वर्षं गप्पा मारल्या आणि निरोप तेवढा राहून गेला, हे साहेबांना फार लागलं होतं.

“पत्ता आहे का?” बायकोने विचारलं.

“पत्ता कशाला? इथलं पोर न् पोर ओळखतं मला.”

एका गल्लीतून दुसरी फुटत होती. कुठे लाकडी साच्यांवर टोप्या चढवून ठेवल्या होत्या, कुठे अत्तरवाला कुप्या पुसत होता. मशिदीच्या हौदावर माणसं हातपाय धूत होती. वरच्या खिडकीतून कुणा आजीने दोरीला बांधून सोडलेली टोपली नेमकी साहेबांच्या टकलावर टेकली. साहेब ऐटीत प्रत्येकाकडे बघून मान डोलवत होते. लोकही डोलवत होते, पण परक्या पाहुण्याला बघून डोलवावी तशी.

पुन्हा एकदा गल्ली भिंतीशी संपली.

“घ्या रिव्हर्स,” बायको म्हणाली.

शेवटी नाक मुठीत धरून साहेबांनी बटणांच्या दुकानात चौकशी केली.

“शिंपी चाचा?” बटणवाली हसली. “अहो, इथे दगड मारला तर शिंप्यालाच लागेल. दिसतात कसे?”

साहेबांना सांगता येईना. आरशात दिसणारी टोपी आणि कपाळ, एवढेच चाचा त्यांनी पाहिले होते.

“मी बसचा ड्रायव्हर. मला तर ओळखलंत ना?”

“नाही हो.”

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. ते मुकाट्याने वळले आणि चालू लागले.

“थांबा, थांबा! हे कान!” मागून बटणवाली ओरडली. “अहो, हे कान बघत मी कॉलेजला गेले, बाळंतपणालासुद्धा गेले! तुम्ही तोंड दाखवलंत, मग ओळखणार कसं?”

अत्तरवालाही बाहेर आला. त्याने साहेबांना मागून नीट न्याहाळलं आणि म्हणाला, “तेच ते.”

“तुमच्या मागे बसायचे ते चाचा ना? या जिन्याने वर जा,” बटणवाली म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. “पण आता ते सुनेलाही ओळखत नाहीत.”

वर सुनेने दार उघडलं. खोलीत चाचा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. बोटं चादरीची कड दुमडत होती. साहेबांनी समोर बसून त्यांचा हात धरला.

“चाचा, मी आलो.”

चाचांनी दचकून हात ओढून घेतला. “कोण हा? याला बाहेर घालव.”

सून ओशाळली. बायको “चला” म्हणणार, तोच साहेब उठले. खुर्ची उलटी फिरवली आणि चाचांकडे पाठ करून बसले. समोर नुसती पोपडे उडालेली भिंत होती.

“आज गर्दी फार आहे, चाचा,” ते खाकरून म्हणाले.

मागे चादर दुमडणारी बोटं थांबली. मग चाचा बोलले, “ब्रेक हळू मार रे. सुई बोटात जाते माझ्या.”

“मारतो हळू.”

मग चाचा बोलतच सुटले. कोटाच्या बाह्या, आखडू गिऱ्हाइकं, महाग झालेलं अस्तर. सून दारात उभी राहून ऐकत होती. कित्येक दिवसांत ते एवढं बोलले नव्हते.

“माझा स्टॉप आला का रे?” मध्येच त्यांनी विचारलं.

साहेबांनी डोळे पुसले, पण मान वळवली नाही.

“अजून लांब आहे, चाचा. बसा निवांत.”