वैदूबाबाचे रिकामे खड्डे

मी टिकाव बोलतोय. हातभर दांडा, एक तोंड चपटं, दुसरं अणकुचीदार. गोड बोलायला मला कुणी शिकवलं नाही. ट्रकच्या मोडक्या पाट्यातून लोहाराने मला घडवलं, तेव्हा म्हणाला होता, "हा दगडाला भीक घालणार नाही." नाहीच घातली.

माझा मालक डोंगरातला म्हातारा वैदू. वरच्या चढावर तापावरची कडूमुळी उगवायची. ती काढायची त्याची रीत पक्की. बी तयार झाल्याशिवाय हात लावायचा नाही. एका बाजूनेच उकरायचं, अर्धं मूळ घ्यायचं. कोंबाचा डोळा असलेलं अर्धं परत मातीत, वर टाचेचा दाब.

पण माणूस महा संशयी. वाटेत तीन-चार रिकामे खड्डे खणायचा, माग काढणाऱ्याला खरी जागा कळू नये म्हणून. माझं डोकं फिरायचं. रिकाम्या मातीत तोंड घालायला मी काय डुक्कर आहे?

मागे पिशवी घेऊन सून असायची. अकरा वर्षं. तिलाही त्याने खड्ड्यांचं खरं कारण सांगितलं नाही. तिला वाटायचं, खड्डे खणणं हीसुद्धा रीतच. उघडा खड्डा टाकून जाणं तिला पटायचं नाही. परतताना मुळ्यांबरोबर पिशवीत आलेली कडूमुळीची वाळकी बोंडं त्यात झटकायची, पायाने माती ओढायची. म्हातारा मागे वळून कशाला बघतोय?

मग एका व्यापाऱ्याच्या माणसांना वरची जागा सापडली. बी धरायच्या आत त्यांनी सगळं मुळासकट उपटलं, पोती भरून नेलं. म्हातारा ते बघून आला. मला कोपऱ्यात फेकलं आणि खाटेवर पडला. "संपलं," म्हणाला. दोन वर्षं मी गंजत होतो.

एका सकाळी सुनेने मला उचललं.

"कुठे निघालीस?"

"मुळी बघायला."

"डोळे फुटलेत का? काही उरलं नाही तिथे."

"मग बघून येते, नाही उरलं ते."

वर खरंच उजाड होतं. पण वाटेवर पहिल्या खड्ड्यापाशी ती थांबली. गवतात कडूमुळीची तीन झाडं, पिकल्या बोंडांची. पुढच्या खड्ड्यात पाच. तिने एकाच झाडाचं अर्धं मूळ घेतलं.

म्हाताऱ्याने ते चावलं. तोंड वाकडं झालं, डोळे उघडले.

"कुठलं हे?"

"तुमच्या खड्ड्यांतलं."

"तिथे काही नव्हतं. ते चकवायला खणायचो मी."

सून बघतच राहिली. "अकरा वर्षं? मलासुद्धा, मामा?"

तो मान खाली घालून बसला.

"उद्या चार बायका घेऊन जाणार आहे," ती म्हणाली. "सगळी झाडं दाखवणार."

"गावभर दवंडी पिट. ठेवतील का एक तरी?"

"लपवून तुम्ही किती ठेवलीत?"

म्हातारा उठला. वाटलं, आता मारतो हिला. त्याने मला तिच्याकडून मागून घेतलं, दगडावर बसला आणि धार लावायला लागला. सकाळी काठी टेकत सगळ्यांच्या पुढे तोच निघाला. एकही फसवा खड्डा खणला नाही.

आता माझं पातं बोटभर झिजलंय. पाच बायकांच्या हातांत फिरतो, अंगावर गंजाचा ठिपका नाही. रोपं वरच्या उजाड जागेवरही लागलीत.

म्हाताऱ्याच्या डोक्यात अजून वीस-पंचवीस औषधं आहेत. आता विचारलं की सांगतो. तो आहे तोवर या. दोन शिव्या देईल, त्या ऐकून घ्या आणि शिकून जा.