पाठवलं की पुसलं

मी नदीकाठच्या चौकीवरचा वायरलेस संच बोलतोय. दुसऱ्यांचं बोलणं पोचवण्यात जन्म गेला, आज थोडं स्वतःचं सांगायचंय.

आमच्या आणि मुख्यालयाच्या मधल्या टेकडीवर माझा थोरला भाऊ, निरोप पुढे धाडणारा मोठा संच, बसतो. हवेत शत्रूचा गोंगाट फार, म्हणून थोरला दोन्हीकडचे निरोप एकात कालवतो आणि एकदाच फेकतो. ज्याने त्याने त्यातून आपला निरोप वजा करायचा, की समोरच्याचा उरतो. अट एकच, आपण पाठवलेलं अक्षर न् अक्षर आपल्याजवळ हवं.

माझ्या ऑपरेटरला सगळे चष्मिस म्हणत. भारी शिस्तीचा माणूस. जुन्या संचांवर शिकलेला, आणि तिथे 'पाठवलं की पुसलं' हे त्याच्याकडून घोकून घेतलेलं. त्या सकाळी त्याने घाईघाईत कळवलं, 'पुल ओलांडायला निघतोय', आणि सवयीने ते पुसून टाकलं.

दोघे जवान पुढे निघालेसुद्धा. तेवढ्यात थोरल्याचा कालवलेला निरोप आला. मी पोट चाचपलं, तर रिकामं! 'आपला निरोप पुन्हा द्या,' असं मी पडद्यावर दाखवलं. चष्मिसने तो अगदी जपून टाइप केला. उघडेना. पुन्हा केला, तरी उघडेना. थोरल्याला हाका मारल्या, तिकडून नुसती खरखर. माझा जीव टांगणीला लागला.

चौकीचे प्रमुख मागे येऊन उभे राहिले. "काय झालं रे?"

"साहेब, तेच लिहितोय, तरी उघडत नाही!"

त्यांनी पडदा पाहिला. "अरे शहाण्या, तू पूल दीर्घ कधीपासून लिहायला लागलास? घाईत तुझा पु नेहमी ऱ्हस्व असतो. तसाच लिही."

निरोप उघडला. 'पुलाखाली सुरुंग. थांबा.'

चष्मिस ओरडत धावत सुटला. मागचा जवान थांबला. पुढच्याचा पाय पुलावर पडला होता.

आता मी चौकशीच्या टेबलावर आहे. मोठे साहेब म्हणतात, "संच ठणठणीत आहे. चूक ऑपरेटरची." चष्मिस मान खाली घालून "हो साहेब" म्हणतो, आणि माझा संताप होतो. जुने संच बदलून मला आणलंत, पण त्याला नवं कोणी शिकवलं? पुसायला शिकवलंत तुम्हीच, आणि पुसलं म्हणून धरलंतही तुम्हीच.

माझी साक्ष कोणी काढणार नाही, म्हणून ऐकणाऱ्यांनो, तुम्हाला सांगतोय. ते मरण त्या एकट्याच्या नावावर लिहू देऊ नका.