सत्यभामेचं बिनरंगी कुंपण

रंग दिलेल्या कुंपणांच्या आत हवामान येईनासं झालं, तेव्हा गावातलं सगळं ऊन, सगळा वारा आणि वेळीअवेळी येणाऱ्या सरी सत्यभामा तांडेलच्या अंगणात येऊ लागल्या.

गाव खाडीकाठचं. गावाच्या सुशोभन समितीने घरोघरी पिवळा रंग फुकट वाटला होता. सगळ्यांची लाकडी कुंपणं रंगवून झाली, त्याच संध्याकाळी वारा थांबला. लोक आधी खूश झाले. पाचोळा पडेना, पत्र्याला गंज चढेना. मग दोरीवरचे कपडे वाळेनात. पिकायला ठेवलेले फणस तसेच कच्चे राहिले. मुलांची नखं वाढायची थांबली.

"उत्तम," समितीचे अध्यक्ष मयेकर म्हणाले. "आता काहीच खराब होणार नाही."

सत्यभामेने मात्र रंगाचा डबा होता तसा परत पाठवला. तिच्या नवऱ्याने मोडीत काढलेल्या होडीच्या फळ्या ठोकून ते कुंपण उभं केलं होतं. नवरा गेला, कुंपण राहिलं. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने त्याचा मूळ तपकिरी रंग केव्हाच उडाला होता. आता ते कोरडं असलं की राखेसारखं दिसायचं आणि भिजलं की चांदीसारखं. मऊ लाकूड झिजून गेलं होतं आणि कणखर रेषा वर आल्या होत्या. त्यांच्यावरून बोट फिरवत सकाळचा चहा प्यायची तिला सवय होती. कुठल्याही दोन फळ्या सारख्या नव्हत्या, आणि प्रत्येकीला ती ओळखत होती.

"काकू, फार जुनं दिसतं हो ते," मयेकर फाटकाशी येऊन म्हणाले.

"जुनं आहेच ते. लपवायचं कशाला?"

"सगळ्या गावात तुमचंच तेवढं वेगळं दिसतं."

"मग गावाकडे बघा. माझ्याकडे कशाला बघता?"

मयेकर निघून गेले. रस्त्यावर त्यांचा शर्ट हलतही नव्हता. इकडे सत्यभामेच्या अंगणात एवढा वारा होता, की तिने पदर खोचून कपाची बशी हाताने दाबून धरली होती.

शेजारची शेवंता आली तेव्हा दुपार होती. तिच्या सुनेचे, प्रणालीचे, दिवस भरून गेले होते, पण कळा काही सुरू होत नव्हत्या. नर्सने तपासून सांगितलं होतं, "बाळ ठीक आहे. फक्त त्याची वेळ पुढे सरकत नाहीये."

"वहिनी," शेवंता खाली मान घालून म्हणाली, "तुम्हाला नावं ठेवणाऱ्यांत मीही होते. पण पोरीला तुमच्या अंगणात घेऊन येऊ का?"

"विचारत काय बसलीस? आण तिला."

प्रणालीने फाटकाच्या आत पाऊल टाकलं आणि पहिली कळ आली. सत्यभामेने कुंपणाच्या सावलीत चटई अंथरली, पाणी तापत ठेवलं, नर्सला निरोप धाडला.

नर्सच्या आधी मयेकर आले. बरोबर समितीची माणसं, हातात डबे आणि ब्रश.

"एका अंगणात एवढं हवामान गावाला परवडणार नाही," ते म्हणाले. "ठराव झालाय."

"आत बाई बाळंत होतेय."

"होऊ दे की. आम्ही बाहेरूनच रंगवतोय."

पहिली फळी पिवळी झाली, तसा अंगणातला तिच्या रुंदीचा पट्टा मालवला. ऊन त्या पट्ट्यातून गेलं, वाराही गेला. दुसरी फळी झाली, तिसरी झाली. मालवलेला पट्टा प्रणालीच्या पायांवर आला आणि तिची कळ अर्ध्यावर थांबली.

"ओढ चटई!" सत्यभामा शेवंतावर ओरडली. दोघींनी चटई उजेडात ओढली. कळ परत सुरू झाली.

सत्यभामा कोयता घेऊन बाहेर धावली आणि रंग खरवडू लागली. ती एक फळी खरवडायची तोवर ते चार रंगवायचे. ओला पिवळा रंग तिच्या कोपरांवरून ओघळत होता. आत चटई सरकत होती, उन्हाचा पट्टा अरुंद होत होता. शेवटी अंगणात एका फळीएवढंच ऊन उरलं. प्रणाली त्यात कुशीवर मावत होती, तेवढीच.

सत्यभामेने कोयता टाकून दिला आणि त्या शेवटच्या फळीला पाठ लावून ती उभी राहिली. लाकडाच्या रेषा तिला पोलक्यातून पाठीला टोचत होत्या.

"सरका, काकू," मयेकर म्हणाले. "एका फळीने काय होणार आहे?"

"ते बघायलाच उभी आहे मी."

"आम्हाला तुमच्या अंगावरूनही रंगवता येईल."

"रंगवा ना! नाही कोण म्हणतंय? पण इथून मी हलणार नाही."

"डोकं दिसतंय, वहिनी!" आतून शेवंता ओरडली.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. एकाने डबा खाली ठेवला. मयेकरांनी त्याच्या हातातला ब्रश घेतला, रंगात बुडवला, डब्याच्या काठावर नीट निथळवला. सत्यभामेने दोन्ही हात पसरले. तिचे तळवे शेजारच्या ओल्या फळ्यांवर टेकले. तिच्या पाठीमागे एका फळीच्या रुंदीची सर कोसळू लागली. त्या सरीत कुणीतरी पहिलाच श्वास आत ओढला, रडण्याआधी ओढतात तसा, आणि ब्रश तिच्या खांद्याला टेकला.