आक्षेप नाही

पत्राचा पहिला मसुदा:

"प्रस्तावित कायद्यास आमच्या संस्थेचा आक्षेप नाही."

एवढंच. खाली सहीची जागा. नागरिकहो, अशी ओळ तुमच्याही कचेरीत कुठेतरी टंकली जात असेल.

स्टॉकहोममध्ये कायदा करण्याआधी सरकार त्याचा मसुदा शंभरेक संस्थांकडे धाडतं आणि लेखी मत मागतं. यर्सा हेडग्रेन मूळची वकील, आता अशाच एका धोरण-अभ्यास संस्थेची प्रमुख. या खेपेचा मसुदा असा: नगरपालिकेने म्हाताऱ्या माणसाला घरी येऊन करायची मदत नाकारली, तर न्यायालयाने फक्त कागद पाहून निकाल द्यावा. तोंडी सुनावणी मागण्याचा हक्क रद्द.

सकाळीच मंत्रालयातून क्लाएसचा फोन आला होता. "यर्सा, नव्या आयोगाच्या अध्यक्षपदासाठी तुझं नाव वर आहे. या मसुद्यावर फार ताणणार नाहीस ना?"

"नाही ताणत," ती म्हणाली होती.

तीन वाजता सगळे कॉफीला जमले. संस्थेचं दप्तर सांभाळणारी मार्यात्ता एका हातात वेलदोड्याचा पाव, दुसऱ्या हातात ते पत्र घेऊन समोर बसली.

"हे जावकला टाकू?"

"टाक."

"अकरा वर्षांतलं हे एकोणिसावं 'आक्षेप नाही'. शिक्काच करून घेऊ या का? तुझा हात तरी दुखणार नाही."

"प्रत्येक मसुद्याशी भांडत बसले तर आपल्याला विचारणार कोण? आयोगावर गेले की आतून बदलता येईल."

"आत पोचेपर्यंत तुझ्यात बदलणारी बाई शिल्लक राहील?"

यर्सा हसली. मार्यात्ता हसली नाही.

"माझ्या मावशीला मदत नाकारली, तेव्हा तिच्या फाइलीत लिहिलं होतं, 'कपडे स्वतः घालते, काढते.' सुनावणीत न्यायाधीशबाई म्हणाल्या, कोट काढून निवांत बसा. मावशी पहिल्याच बटणाशी झटत राहिली. थोड्या वेळानं बाईंनी फाइल मिटली. तिला मदत मिळाली, यर्सा. तू वकील ना? सांग, ते बटण कागदावर कसं दाखवायचं?"

यर्सानं तिच्या हातातलं पत्र परत घेतलं.

दुसरा मसुदा: "काही बाबींवर अधिक विचार व्हावा, असे नम्रपणे..." खोडला. नम्रपणे कुणाशी? त्या बटणाशी?

तिसरा मसुदा: "आमचा विरोध आहे." पुढे चार पानं कारणं.

सही करून तिनंच क्लाएसला फोन लावला. "आम्ही विरोध करतोय."

"सकाळी तर म्हणालीस... अगं, मग आयोगाचं काय?"

"माझं नाव खोडायचं तर खोड. पत्रातली ओळ खोडली जाणार नाही."

"एकटी पडशील."

"पडेन. मत मागितलंत ना? मग आता ऐका."

नाव खोडलं गेलं. आयोगावर दुसरं कुणी बसलं. मंत्रालयानं सगळी उत्तरं संकेतस्थळावर लावली, तेव्हा शंभरांत विरोध निघाले सात. कायदा कदाचित होईलही. पण आता तो सगळ्यांच्या संमतीनं झाला, असं कुणाला म्हणता येणार नाही.

वाचकहो, 'आक्षेप नाही' लिहिणारा गप्प बसलेला नसतो. समोर नसलेल्या माणसाच्या वतीनं तो होकार देत असतो. म्हणून सहीपूर्वी त्या माणसाला समोर बसवा, त्याच्या हातांकडे पाहा. आणि सात थोडे वाटत असतील, तर आठवे तुम्ही व्हा.