वाढवा

“ताईंनी सर्व्हरला पण मराठी शाळेत घातलं,” कॉन्रॅड पुटपुटला. ताई, म्हणजे अश्लेषाताई, त्याच्या कोपराला कोपर लावून बसल्या होत्या. चंदनसारच्या त्या एका खोलीच्या ऑफिसात पुटपुटणं म्हणजे जाहीर सभाच.

साल दोन हजार तीन. गिऱ्हाइकांच्या वेबसाइट सांभाळायच्या, हा ऑफिसचा धंदा. काहीही बदलायचं तर कॉन्रॅड सर्व्हरच्या सेटिंगची फाइल उघडून हाताने लिहायचा. एक कंस चुकला की सगळ्यांच्याच साइट आडव्या. म्हणून पुस्तकं वाचून, चुकतमाकत शिकलेल्या अश्लेषाताई मोजके मराठी हुकूम बांधत होत्या. कुठल्याही प्रोग्रामने हुकूम सोडावा, फाइल आपसूक नीट लिहिली जावी. मग कॉन्रॅडच्या हाताला काय उरणार? हा प्रश्न रोज रिकाम्या खुर्चीत येऊन बसायचा, आणि तो दिसला की मालक श्रीरंग चहा सांगायचे.

“बघू तरी,” म्हणत कॉन्रॅडने गास गावातल्या गायनमंडळाच्या साइटला ‘वाढवा’ हुकूम दिला. नाताळचे फोटो मावत नव्हते ना!

लगेच मंडळाच्या हिलरीचा फोन. “अरे, आमची साइट कुठे गेली?”

“गेली कशी? वाढवली!”

अश्लेषाताईंनी कपाळाला हात लावला. “अरे देवा, वाढवा म्हणजे बंद! आमच्या किराणाच्या दुकानात ‘बंद’ म्हटलं की वडील धपाटा घालायचे. दुकान वाढवायचं असतं.”

“मग मोठं करायला काय?”

“जागा द्या.”

“धन्य आहे!”

त्यांनी ‘उघडा’ टाइप केलं. हिलरी फोनवर असतानाच साइट परत आली. कॉन्रॅड आधी हसला, मग हसू विरलं. असल्या कामात त्याची दुपार जायची.

“मी हाताने करायचो, तेव्हा बंद करायच्या आधी माणसाला फोन करायचो,” तो हळूच म्हणाला. “हा काही विचारतच नाही.”

अश्लेषाताईंची बोटं थबकली. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“तीन कटिंग सांगू?” श्रीरंग उठले.

“चहा राहू द्या, साहेब.” त्या कॉन्रॅडकडे वळल्या. “हे झालं की तुझं आत्ताचं काम राहत नाही, कॉन्रॅड. आम्हा दोघांना ठाऊक होतं, बोलवत नव्हतं. पण कुठे विचारायचं, कुठे अडवायचं, ते मला येत नाही. तेवढं तू लिही. लिहायचं कसं, मी शिकवते.”