फोनवरचा संविधानाचा धडा

माझी पोरगी वृषाली हैदराबादले वकिलीच्या पहिल्या वर्षाले हाय. मी, द्वारकाबाई, इथं बोथ गावात एकटी. पोरगा आदिलाबादले क्लार्क हाय, पण बुद्धपौर्णिमेलेच तोंड दाखवते. शेजारच्या घराले तं कुलूपच.

आमच्या घरात बुद्धाच्या फोटोजवळ संविधानाचं पुस्तक हाय. मले वाचता येत नाई, पण सांजची वंदना झाली का त्याच्यापुढंही मेणबत्ती लावा लागते. मंग पोरीचा फोन येते. वर्गात शिकवलेलं ती मले समजावते. मले समजलं, तवाच धडा पक्का, असं तिचं म्हणणं.

काल म्हणे, "आई, संविधानाचा नुसता शब्द धरून चालत नाई, अर्थ लावा लागते. त्यात जगण्याचा हक्क लिहून हाय. कोर्टानं सांगितलं, माणसाले त्याच्या घरात एकटं राहू द्याचं, कोनी डोकवाचं नाई, हाही हक्क त्यातच येते."

"लिहून नसताना?"

"हो. लोक कोर्टात भांडले त्याच्यासाठी."

मले रागच आला.

"मले तं न भांडता भेटला," मी म्हणलं. "उद्या तुह्या मास्तरले विचारजो, हा हक्क वापस कराचा असन तं कोन्त्या कोर्टात जा लागते."