स्वाभिमानाचं कापड

“दक्षिणेचा स्वाभिमान यापुढे उत्तरेच्या सुताने शिवलेला असणार नाही!” असं गर्जून कर्नल टॅझवेल होल्कमने न्यूयॉर्कचा कोट अंगातून काढला आणि कचेरीसमोरच्या होळीत भिरकावला. १८५९चा डिसेंबर होता. पुढच्या वाक्याला त्याचे दात वाजू लागले.

“कर्नल, विजार कुठली?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

“देशी आहे!” कर्नल म्हणाला आणि घाईघाईने ठरावाकडे वळला.

अख्खं गाव रागाने पेटलं होतं. ऑक्टोबरात उत्तरेतल्या एका म्हाताऱ्याने वीसेक माणसांनिशी हार्पर्स फेरीचं शस्त्रागार बळकावलं होतं. गुलामांना बंदुका देणार होता म्हणे. दोन दिवसांत पकडला गेला, महिन्या-दीड महिन्यात फासावर गेला. त्या दिवशी उत्तरेत त्याच्यासाठी चर्चच्या घंटा वाजल्या आणि इथे व्हर्जिनियात जो तो पलटणीत नाव नोंदवू लागला. ठराव टाळ्यांच्या कडकडाटात पास झाला: उत्तरेची टाचणीसुद्धा नको, पलटणीचे गणवेश हातमागाचे. माग कुणाला येतो, हा प्रश्न टाळ्या ओसरल्यावर आला.

तो येत होता एकट्या डॉर्कसला. ती कर्नलची गुलाम, साठीची. तिची मुलगी व्हिनी मिसिसिपीच्या गुलामांच्या दलालाला विकली होती, सोमवारी जायची होती. हार्पर्स फेरीची बातमी ऐकून व्हिनी हसली, असं कर्नलच्या बायकोला वाटलं होतं, म्हणून.

“डॉर्कस, बावीस फेब्रुवारीला संचलन आहे. चाळीस कोटांचं कापड हवं.”

“होईल की, मालक.” तिने मागावरची धूळ एप्रनने पुसली. “आधी आठशे धागे एकेक करून ओवायचे. मी पुढून, व्हिनी मागून.”

“व्हिनी सोमवारी निघाली. दुसरी कुणी घे.”

“घेते. वर्षभरात तयार होईल ती.”

“वर्षभर?”

“हुशार निघाली तर.”

कर्नल सणसणीत शिंकला. सोमवारी दलाल रिकाम्या हाताने परत गेला.

त्याची गाडी दिसेनाशी झाल्यावर व्हिनी कुजबुजली, “आई, मी मागाला कधी हातसुद्धा लावलेला नाही.”

“माहितेय. तो धागा धर. तो नव्हे गं, त्याच्या शेजारचा.”

बावीस फेब्रुवारीला चाळीस कोट ताशाच्या ठेक्यावर चालले. कापड बोचरं होतं. सैनिक मानेशी खाजवत होते आणि बायका रुमाल हलवत रडत होत्या. कर्नलने उत्तरेशी उरलेसुरले संबंध भाषणात तोडून टाकले. संध्याकाळी तो तसाच मागाच्या खोपटात आला, गाल लाल, डोळे चमकत होते.

“शेजारच्या जिल्ह्यालाही हवंय, डॉर्कस! आणखी साठ! दलाल पुन्हा गावात आलाय, त्याला सांगतो व्हिनीचं नंतर बघू.”

“साठ होतील, मालक. पण लोकर पिंजायचे ब्रश गेले.” तिने एक उलटा करून दाखवला. तारांचे दात निम्मे झडले होते. व्हिनी मागामागून कान देऊन ऐकत होती.

“मग मागवू. किती?”

“दोन डझन. दूरवरून येतात. उन्हाळा उजाडेल.”

कर्नलने ब्रश उजेडात धरला. लाकडी पाठीवर कारखान्याचा पत्ता कोरलेला होता. तो त्याने दोनदा वाचला, मग खोपटाचं दार लावून घेतलं.

दोन डझन ब्रश उत्तरेतल्या मॅसॅच्युसेट्सहून मे महिन्यात आले.